सेल्युलोज कॉलमवरचे सीबीएम: कधी बसत नाही, कधी सुटत नाही

सीबीएम, म्हणजे कर्बोदकाला चिकटणारा प्रथिन-भाग (carbohydrate-binding module), जोडलेले प्रथिन सेल्युलोज भरलेल्या कॉलमवर शुद्ध करायला घेतले की तक्रारी साधारण दोनच असतात. एक, सगळे प्रथिन फ्लो-थ्रूमध्ये, म्हणजे न चिकटता वाहून गेलेल्या द्रावणात, निघून जाते आणि कॉलमवर काहीच बसत नाही. दुसरी बरोबर उलटी: प्रथिन छान बसते, पण मग मीठ वाढवा, मीठ काढा, सेलोबायोज (दोन ग्लुकोजची विद्राव्य शर्करा) ओता, ते हलायला तयार नसते. वैताग येतो तो या दोन्ही तक्रारी एकाच प्रयोगशाळेत, एकाच बाटलीतल्या सेल्युलोजवर आलटून पालटून येतात म्हणून. बफर बदलून होते, तापमान बदलून होते, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

माझ्या मते बहुतेक वेळा मूळ एकच असते. सीबीएम हा हिस्टिडिन टॅगसारखा एक ठरलेला टॅग, म्हणजे शुद्धीकरणासाठी प्रथिनाला जोडलेली शेपटी, आहे असे आपण धरून चालतो. सहा हिस्टिडिन कुठल्याही प्रथिनाला जोडले तरी ती निकेलला त्याच रीतीने चिकटतात आणि इमिडॅझोलने त्याच रीतीने सुटतात. सीबीएम म्हणजे मात्र सेल्युलोजला, किंवा त्याच्यासारख्या कर्बोदकांना, धरणाऱ्या प्रथिन-भागांचा मोठा गोतावळा आहे. कॅझी (CAZy) या कर्बोदकांवर काम करणाऱ्या एन्झाइमांच्या माहितीकोशात त्यांची शंभराच्या आसपास कुळे क्रमांकाने लावली आहेत. यातली काही स्फटिकाचा पृष्ठभाग धरतात, काही एकेकटी साखळी, तर काही साखळीचे फक्त टोक. कोणते सेल्युलोज वापरायचे आणि प्रथिन कशाने सोडवायचे हे त्यावरून ठरते. प्लास्मिडच्या (जनुक वाहून नेणाऱ्या डीएनएच्या) नकाशावर नुसते ‘सीबीडी’, म्हणजे ‘सेल्युलोज धरणारा भाग’, एवढेच लिहिलेले असेल तर आधी कुळ शोधा, बफरला नंतर हात लावा.

तुमचे सीबीएम नेमके काय धरते?

पहिला गट, ज्याला प्रकार ए म्हणतात, तो स्फटिकी सेल्युलोजच्या सपाट पृष्ठभागाला चिकटतो. बाजारातल्या बहुतेक सेल्युलोज टॅगमध्ये याच गटातले सीबीएम असते. क्लॉस्ट्रिडियम थर्मोसेलमच्या सिपए या मचाण-प्रथिनातले सीबीएम-३ए (कुळ ३, उपगट ए) हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. (या जिवाणूला आता असेटिव्हिब्रिओ थर्मोसेलस म्हणतात, जुन्या नकाशांवर आणि बाटल्यांवर जुनेच नाव सापडेल.) त्याची स्फटिकरचना १९९६ साली प्रसिद्ध झाली. सुमारे दीडशे अमिनो आम्लांचा हा भाग म्हणजे नऊ बीटा पट्ट्यांचे जेली रोल घडणीचे सँडविच. आत एक कॅल्शियम आयन बसलेला, आणि एका बाजूच्या सपाट पृष्ठभागावर ट्रिप्टोफॅन, टायरोसिन, हिस्टिडिन, आर्जिनिन आणि आस्पार्टिक आम्ल एका ओळीत मांडलेली. सेल्युलोमोनास फिमीच्या झायलॅनेज १०ए मधले सीबीएम-२ए आकाराने लहान, शंभर-एकशे दहा अमिनो आम्लांचे. त्याच्या सपाट बाजूवर १७, ५४ आणि ७२ या जागी तीन ट्रिप्टोफॅन आहेत. साखळीतल्या ग्लुकोजच्या कड्यांवर या ट्रिप्टोफॅनची कडी सपाट बसतात. स्फटिकाचाही प्रत्येक पृष्ठभाग त्यांना चालत नाही, जलविरोधी बाजूच लागते. सोन्याच्या कणांनी खूण केलेली सीबीएम व्हॅलोनिया शैवालाच्या सेल्युलोज स्फटिकांवर सोडून २००३ साली हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले गेले.

या पकडीचा जोर मुख्यतः हायड्रोजन बंधांचा नाही. दोन्ही पृष्ठभागांवर अडकून पडलेले पाण्याचे रेणू मोकळे होतात, म्हणजे एन्ट्रॉपी वाढते, आणि पकड त्यावर उभी असते. सीबीएम-२ए साठी हे कॅलरीमापनाने १९९६ मध्येच दिसले होते. समस्या निवारणाच्या दृष्टीने या एका वाक्यातून तीन गोष्टी निघतात. मीठ वाढवल्याने हे प्रथिन सुटणार नाही, उलट आणखी घट्ट बसेल. विद्राव्य सेलोबायोज ओतून उपयोग नाही, कारण द्रावणातल्या सुट्या शर्करेला सपाट पृष्ठभाग नसतो आणि तिच्याशी स्पर्धा होतच नाही. आणि नुसत्या बफरने कितीही धुतले तरी प्रथिन विरळ होऊन बाहेर येत नाही. गंमत म्हणजे ते जागेवर खिळलेलेही नसते. प्रतिदीप्तीच्या प्रयोगांत सीबीएम-२ए सेल्युलोजच्या पृष्ठभागावर सरकताना दिसते. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या की सरकतात पण उचलल्या जात नाहीत, तसे.

प्रकार बी मध्ये सपाट बाजूऐवजी खोबणी असते आणि तिच्यात एकटी साखळी आडवी बसते. सेल्युलोमोनास फिमीच्याच सेनसी एन्झाइमचे पहिले सीबीएम-४ घ्या: त्याच्या खोबणीत शर्करेची साधारण पाच कडी मावतात. येथे हायड्रोजन बंधांना महत्त्व आहे आणि पकड उष्णता बाहेर टाकून होते. चार-पाच कड्यांच्या विद्राव्य सेलो-ऑलिगोसॅकराइडनाही ते धरते. स्फटिकी सेल्युलोजवर मात्र ते जवळजवळ बसतच नाही. घट्ट रचलेल्या साखळ्यांतून एक साखळी खोबणीत ओढून घेणे त्याला जमत नाही. त्याला अस्फटिकी सेल्युलोज हवे.

प्रकार सी साखळीचे टोक किंवा एक-दोन कड्यांची छोटी शर्करा धरतो. थर्मोटोगा मॅरिटिमाच्या झायलॅनेज १०ए मधले सीबीएम-९ साखळीचे क्षपणक टोक दोन ट्रिप्टोफॅनच्या मध्ये पकडते. ते नुसत्या ग्लुकोजलाही धरते, म्हणून ग्लुकोजच्या द्रावणाने सुटते. प्रथिन हळुवारपणे उतरवायचे असेल तर टॅग म्हणून मला हेच पटते, आणि ते जितके वापरले जायला हवे तितके वापरले जात नाही.

कुळाच्या क्रमांकावर आंधळा विश्वासही ठेवू नका. कुळ २ मधलीच काही सीबीएम सेल्युलोजऐवजी झायलॅनला धरतात. सेल्युलोमोनास फिमीच्या झायलॅनेज ११ए मधल्या सीबीएम-२बी मध्ये २६२ क्रमांकाचे एकच आर्जिनिन बदलून ग्लायसिन केले, तर शेजारचे ट्रिप्टोफॅन वळून सपाट बसते आणि झायलॅन धरणारे प्रथिन सेल्युलोज धरू लागते. क्रमवारीत इतका बारीक फरक, आणि तुमच्या कॉलमवर सगळे किंवा काहीच नाही. स्वतः शोधलेल्या जीनोममधून सीबीएम उचलले असेल तर ही शक्यता आधी तपासा.

चार नळ्यांची चाचणी

कॉलम भरण्याआधी लहान नळ्यांत हे करून पाहा. पहिल्या नळीत प्रथिन आणि सेल्युलोज. दुसरीत तेवढेच प्रथिन त्याच बफरमध्ये, सेल्युलोजशिवाय. तिसरीत बीएसए (गायीच्या रक्तातले अल्ब्युमिन, तुलनेसाठीचे नेहमीचे प्रथिन) आणि सेल्युलोज. चौथीत सेल्युलोज आणि नुसते बफर. थंड जागेत अर्धा-एक तास सावकाश उलटसुलट फिरवा, मग सेंट्रीफ्यूज करून वरचे द्रावण आणि खालचा गाळ दोन्ही जेलवर चालवा. गाळ एसडीएस (प्रथिने उलगडणारा साबणासारखा पदार्थ) बफरमध्ये उकळला की चिकटलेले सीबीएम सुटून येते, त्यामुळे किती बसले ते थेट दिसते.

दुसरी नळी सगळेच वगळतात, आणि सर्वांत जास्त फसवणूक तिथेच होते. जोड-प्रथिनाचे (सीबीएम आणि तुमचे प्रथिन मिळून झालेल्या प्रथिनाचे) गुठळे होत असतील तर ते सेल्युलोज असो वा नसो, सेंट्रीफ्यूजमध्ये खाली बसणारच. सेल्युलोजच्या नळीत गाळात बँड दिसला की ‘बसले’ असे वाटते, प्रत्यक्षात ते नुसते खाली पडलेले असते. दुसऱ्या नळीच्या गाळातही तोच बँड असेल तर प्रश्न सेल्युलोजचा नाही, विद्राव्यतेचा आहे. गाळात काही नाही आणि तरी वरच्या द्रावणातले प्रथिन कमी झाले असेल, तर ते प्लास्टिकच्या भिंतीला चिकटते आहे. विरळ प्रथिनांच्या बाबतीत हे नेहमीचे.

बीएसए सेल्युलोजवर लक्षणीय प्रमाणात बसला तर सेल्युलोज नीट धुतलेले नाही किंवा शुद्ध नाही. शुद्ध सेल्युलोजवर इतर प्रथिने फारशी चिकटत नाहीत. या टॅगचे अर्धे आकर्षण त्यातच आहे. लिग्निन शिल्लक असलेल्या लगद्यावर मात्र बीएसएसकट सगळेच चिकटते, तेव्हा असा लगदा कॉलमसाठी वापरू नये.

हीच चाचणी दोन प्रकारच्या सेल्युलोजवर शेजारी शेजारी करा: एक स्फटिकी, म्हणजे ॲव्हिसेलसारखी भुकटी, आणि दुसरे फॉस्फोरिक आम्लातून काढलेले अस्फटिकी. दोन्हींवर बसले तर बहुधा प्रकार ए. फक्त अस्फटिकीवर बसले तर प्रकार बी. एवढ्याने अर्धी चर्चा संपते. काटेकोर नियंत्रण हवे असेल तर चिकटण्याच्या बाजूवरचे एखादे ट्रिप्टोफॅन ॲलनिनने बदललेला उत्परिवर्तित प्रकार तयार ठेवा. सीबीएम-२ए मध्ये वर सांगितलेल्या तीन ट्रिप्टोफॅनपैकी कोणतेही बदलले तरी पकड ढासळते.

बसतच नसेल तर

सेल्युलोज चुकीचे निवडणे हे पहिले कारण, त्याबद्दल वर आलेच. दुसरे कारण म्हणजे जागाच कमी असणे. ॲव्हिसेल स्वस्त आणि हाताळायला सोपे, पण त्याच्या कणांतला बराच पृष्ठभाग सीबीएमच्या आकाराच्या रेणूला गाठता येत नाही, आणि मोठे जोड-प्रथिन तर बारीक छिद्रांत शिरतच नाही. थोडे बसून बाकीचे वाहून जात असेल तर सेल्युलोज दुप्पट करून पाहा. फ्लो-थ्रूमधले प्रमाण त्या हिशेबात घटले तर ती क्षमतेची बाब आहे, टॅगची नाही. पुनर्जनित अस्फटिकी सेल्युलोजची क्षमता ॲव्हिसेलच्या कितीतरी पट असते, आणि सीबीएम-३ त्यावरही चांगले बसते.

हे सेल्युलोज घरच्या घरी करता येते, पण एका आकड्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. ०.२ ग्रॅम ॲव्हिसेल ०.६ मिलिलिटर पाण्यात ओले करायचे, त्यावर बर्फगार ८६ टक्के फॉस्फोरिक आम्ल १० मिलिलिटर घालून बर्फात तासभर ढवळायचे. द्रावण पारदर्शक झाले पाहिजे. मग बर्फगार पाणी थोडेथोडे घालत एकूण ४० मिलिलिटर ओतले की पांढरा लोळ खाली उतरतो. तो थंड पाण्याने चार वेळा धुवायचा, उरलेले आम्ल थोड्या सोडियम कार्बोनेटने मारायचे आणि सामू (pH) ५ ते ७ दरम्यान येईपर्यंत पुन्हा धुवायचे. कळीचा आकडा ८१ टक्के. मिसळल्यावर आम्लाचे प्रमाण याखाली गेले तर सेल्युलोज विरघळत नाही, नुसते फुगते. वरच्या प्रमाणात ते ८३ टक्क्यांच्या आसपास राहते, म्हणजे मोकळीक फार नाही. नेहमीच्या ८५ टक्क्यांच्या बाटलीचे झाकण सैल राहून तिने ओलावा ओढला असेल, किंवा भुकटी ओली करताना पाणी सढळ हाताने पडले असेल, तर तुम्ही सीमेखाली जाता. वेगवेगळ्या दिवशी केलेल्या सेल्युलोजवर वेगवेगळे निकाल येण्याचे हे मोठे कारण आहे. द्रावण गढूळ राहिले तर ती खेप टाकून द्या.

आणि एकदा तयार झालेले हे सेल्युलोज कधीही वाळवू नका. वाळताना साखळ्या एकमेकींना चिकटून छिद्रे मिटतात, आणि पुन्हा पाण्यात टाकले तरी ती पूर्वीसारखी उघडत नाहीत. ‘वजन नीट घेता यावे म्हणून वाळवले’ हे ऐकले की पुढचे ऐकायची गरज उरत नाही. वजनासाठी ओल्या लोळाचा छोटा भाग वेगळा वाळवून प्रमाण काढावे.

आता एक अशी जागा, जिथे प्रथिन कॉलमपर्यंत पोहोचतच नाही. प्रयोगशाळेत सेल्युलोज ठिकठिकाणी असते. डायलिसिसच्या नळ्या बहुधा पुनर्जनित सेल्युलोजच्या असतात. प्रथिन घट्ट करायच्या सेंट्रीफ्यूज-फिल्टरांतही अनेकांचा पडदा त्याचाच. गाळणकागद तर सेल्युलोजच. इतर प्रथिनांसाठी हे पडदे चांगले मानले जातात, कारण त्यांना काही चिकटत नाही. सीबीएमसाठी तेच पडदे म्हणजे आयता कॉलम. रात्रभर डायलिसिस करून सकाळी प्रथिन निम्मे झाले, गुठळे नाहीत, गाळ नाही, तर नळीकडे पाहा. ज्यावर प्रथिन हरवले असे वाटते तो पडदा कापून एसडीएस बफरमध्ये उकळा आणि जेलवर चालवा. उत्तर लगेच मिळते. त्याऐवजी पॉलिइथरसल्फोनचे पडदे वापरावेत, किंवा बफर बदलायला डेक्स्ट्रानचा छोटा कॉलम. सिरिंज फिल्टरही सेल्युलोज ॲसिटेटचा असेल तर बदलावा.

वनस्पतीत प्रथिन बनवत असाल तर हीच अडचण आणखी मोठ्या रूपात येते. ऊती कुटल्या की जोड-प्रथिन वनस्पतीच्या स्वतःच्या पेशीभित्तिकेवर जाऊन बसते आणि चोथ्याबरोबर फेकले जाते. लायसेटमध्ये (पेशी फोडून मिळालेल्या द्रावणात) प्रथिन कमी आणि चोथ्यात भरपूर, असे दिसले तर अभिव्यक्ती वाढवण्यात वेळ घालवू नका.

प्रकार बी वापरणाऱ्यांनी माध्यमाकडेही पाहावे. माध्यमात किंवा नमुन्यात कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, हायड्रॉक्सिइथाइल सेल्युलोज किंवा धान्यातले बीटा-ग्लुकान असेल तर खोबण्या कॉलमवर जाण्याआधीच भरलेल्या असतात.

बफरच्या बाबतीत दोनच गोष्टी. प्रकार ए असेल तर बसवताना मीठ घाला. अर्धा ते एक मोलर सोडियम क्लोराइड चालते, आणि इतर प्रथिनेही त्यामुळे दूर राहतात. आणि ईडीटीए विचार करून वापरा, ते कॅल्शियम ओढून घेते. सीबीएम-३ मधले कॅल्शियम रचनेचा भाग आहे. सीबीएम-३६ सारख्या काही कुळांत तर कर्बोदक धरण्याचे कामच कॅल्शियमवर चालते. प्रोटिएज (प्रथिने कापणारी एन्झाइमे) रोखणारी तयार गोळी वापरत असाल तर ईडीटीए नसलेली घ्या.

यीस्टमध्ये अभिव्यक्ती करणाऱ्यांसाठी एक वेगळी तपासणी आहे. जिवाणूच्या प्रथिनात ॲस्पराजिन–काहीतरी–सेरिन किंवा थ्रिओनिन असा क्रम कुठेतरी सहज असतो. जिवाणूत त्याला काही अर्थ नसतो, यीस्टमध्ये मात्र तिथे शर्करेचे झाड उगवते. सीबीएम-२ए पिकिया या यीस्टमध्ये बनवले तर चिकटण्याच्या बाजूजवळच्या अशा जागेवर ग्लायकोसिलेशन होऊन पकड कमी होते. जेलवर प्रथिन अपेक्षेपेक्षा जड आणि पसरट दिसत असेल तर पीएनजी-एज एफ हे एन्झाइम देऊन शर्करा कापा आणि पुन्हा सेल्युलोजवर टाकून पाहा. तसे ठरले तर ते ॲस्पराजिन बदलावे.

बसले, पण सुटत नसेल तर

प्रकार सी असेल तर ग्लुकोज, साधारण एक मोलर. प्रकार बी असेल तर मीठ काढून टाकून किंवा विद्राव्य शर्करा देऊन बघा. प्रकार ए हीच खरी डोकेदुखी.

सगळ्यात सौम्य आणि बऱ्यापैकी खात्रीचा उपाय इथिलीन ग्लायकॉल. ते जलविरोधी पकड सैल करते. अस्फटिकी सेल्युलोजवरून सीबीएम-३ सोडवायला ८० टक्क्यांपर्यंत जावे लागते. मात्र एकदम ८० वर उडी न मारता २०, ४०, ६० अशा पायऱ्या एकदा तरी करून पाहा, तुमचे प्रथिन कुठे सुटते ते कळते. शुद्ध ग्लायकॉल पाण्यापेक्षा पंधरा-वीस पट चिकट, म्हणजे सावकाश वाहणारे, असते. कॉलमचा वेग नेहमीचा ठेवला तर दाब चढतो आणि सेल्युलोज दाबले जाते. वेग कमी करा, किंवा सरळ नळीत ढवळून सेंट्रीफ्यूज करा. ग्लायकॉल नंतर डायलिसिसने काढायचे असेल तर वर सांगितलेली नळीची गोष्ट विसरू नका. कॉलमवरून महत्प्रयासाने सोडवलेले प्रथिन डायलिसिसच्या नळीवर पुन्हा बसवणे, हा या कामातला सर्वांत निराशाजनक विनोद आहे. ग्लायकॉल उतरत जाते तसतशी पकड परत येते.

दुसरा मार्ग सामूचा. एक टक्का ट्रायइथिलअमाइनने सीबीएम-३ए अस्फटिकी सेल्युलोजवरून सुटते. अंश हातात येताच सामू लगेच खाली आणावा लागतो. जोडलेले प्रथिन नाजूक असेल तर हा मार्ग नको. सहा मोलर ग्वानिडिनने सगळेच सुटते, पण उलगडूनही जाते. नुसते सीबीएम हवे असेल आणि ते परत नीट घडी होत असेल तरच तो करावा.

माझा कल वेगळ्याच बाजूला आहे. प्रकार ए सोडवण्याच्या नादी लागू नये, त्याला तिथेच राहू द्यावे आणि आपले प्रथिन त्याच्यापासून कापून घ्यावे. मध्ये टीईव्ही प्रोटिएजने कापायची जागा किंवा इन्टीन (स्वतःला कापून वेगळा होणारा प्रथिन-भाग) ठेवले तर घट्ट पकड अडचण न राहता सोय होते. सीबीएम सेल्युलोजवर, तुमचे प्रथिन द्रावणात, आणि मध्ये कसलेही कडक रसायन नाही. टीईव्ही थंडीतही काम करते, फक्त सावकाश, रात्रभर ठेवावे. कापणी अर्धवट राहत असेल तर एन्झाइम वाढवण्याआधी लिंकर, म्हणजे दोन भागांमधला जोडदुवा, पाहा. सीबीएमच्या अगदी लगत असलेली कापण्याची जागा सेल्युलोजच्या पृष्ठभागाला इतकी चिकटून राहते की प्रोटिएजला तिथे शिरता येत नाही. द्रावणात नीट कापले जाणारे प्रथिन कॉलमवर कापले जात नसेल तर कारण हेच. दहा-वीस लवचीक अमिनो आम्ले मध्ये घालून बघा. इन्टीन थायॉलवर चालणारे असेल तर तुमच्या प्रथिनातले डायसल्फाइड बंध आधी मोजा, थायॉल तेही तोडते.

काही कामांत मात्र हे न सुटणेच हवे असते: कागदी चाचणीपट्टीवर प्रतिपिंडासारखे बंधक बसवताना, एन्झाइम कापडावर किंवा कागदावर स्थिर करताना, वनस्पतीच्या पेशीभित्तिकेतले स्फटिकी सेल्युलोज सूक्ष्मदर्शकाखाली रंगवताना. तिथे प्रकार ए शिवाय दुसरे घेऊ नका, आणि सोडवण्याचा विषय काढू नका.

उत्प्रेरक भागासकट अख्खे सेल्युलेज सेल्युलोजवर शुद्ध करणाऱ्यांना एक आगाऊ सूचना: तुमचे प्रथिन कॉलम खाते. थंडीत, लवकर काम उरका. अस्फटिकी सेल्युलोज तर ते आवडीने पचवते. कॉलम दर खेपेला थोडा थोडा खाली बसत असेल तर भरण्यात दोष शोधत बसू नका.

दोन तुकडे येत असतील तर

जेलवर अपेक्षित बँडखाली आणखी एक-दोन बँड, त्यांपैकी एक सेल्युलोजवर बसणारा आणि एक न बसणारा. हे चित्र जुने आहे. सेल्युलेजमध्ये चिकटणारा भाग वेगळा असतो हे मुळात असेच कळले. १९८६ साली ट्रायकोडर्मा रीसी बुरशीचे सेलोबायोहायड्रोलेज पपेन या प्रोटिएजने कापले तेव्हा उरलेला गाभा छोट्या विद्राव्य शर्करांवर काम करत राहिला, पण ॲव्हिसेलला चिकटेना. दोनच वर्षांत सेल्युलोमोनास फिमीच्या एन्झाइमांतही तेच दिसले. ट्रायकोडर्माच्या प्रयोगात पपेन मुद्दाम घातले होते, तुमच्या लायसेटमध्ये ई. कोलायची प्रोटिएज ते काम फुकट करतात.

मऊ जागा म्हणजे लिंकर. सेल्युलोमोनास फिमीच्या एन्झाइमांत तो प्रोलिन आणि थ्रिओनिनच्या आळीपाळीने येणाऱ्या क्रमाचा असतो, आणि मूळ जिवाणूत त्यावर शर्करा लागलेली असल्यामुळे तो प्रोटिएजपासून वाचतो. ई. कोलायमध्ये ही शर्करा लागत नाही, लिंकर उघडा पडतो. नैसर्गिक लिंकर तसाच उचलून आणला असेल तर तुकडे होणे साहजिक आहे. लायसिस थंड ठेवणे, प्रोटिएज रोखणारे औषध आधीपासून घालणे आणि पेशी जास्त वेळ वाढत न ठेवणे, याने बरेच निभावते. ग्लायसिन-सेरिनचा छोटा लिंकर लावून पाहणे हा पुढचा उपाय. हिस्टिडिन टॅग सीबीएमच्या विरुद्ध टोकाला असेल तर आणखी सोपे: आधी निकेल, मग सेल्युलोज. दोन्हींतून जे टिकते ते अख्खे.

आकडे जुळत नसतील तर

टाकले तेवढे मिळत नाही, किंवा टाकल्यापेक्षा जास्त मिळते. ‘जास्त मिळते’ या तक्रारीत बहुधा सेल्युलोजची बारीक धूळ असते. वरच्या द्रावणात ती तरंगत राहिली की प्रकाश विखुरते आणि २८० नॅनोमीटरला खोटे शोषण दिसते. चौथी नळी त्यासाठीच होती. शिवाय ३२० नॅनोमीटरलाही वाचन घ्या. तिथे प्रथिनाचे शोषण नसतेच, जे दिसते ते विखुरणे. पुन्हा जोरात सेंट्रीफ्यूज करा.

ग्लुकोजने प्रथिन सोडवून ते बीसीए या रंगाच्या चाचणीने मोजणे हा दुसरा सापळा. बीसीएमध्ये तांब्याचे क्षपण मोजले जाते आणि ग्लुकोज स्वतः क्षपणक शर्करा आहे. जांभळा रंग प्रथिनाशिवायही येणार. ब्रॅडफर्ड ही दुसरी चाचणी वापरा, किंवा ग्लुकोज काढल्यावर मोजा. सेल्युलेज कॉलम पचवत असेल तर त्यातून सुटणाऱ्या सेलोबायोजमुळेही हेच होते, तेव्हा ग्लुकोज घातलेच नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

कॉलम पुन्हा वापरताना

धुवायला सौम्य, अर्ध्या मोलरपर्यंतचे सोडियम हायड्रॉक्साइड पुरते. त्याहून कडक करायचा मोह टाळा. १७-१८ टक्क्यांच्या कॉस्टिकमध्ये नैसर्गिक सेल्युलोजची स्फटिकरचनाच बदलते, कापड उद्योगात मर्सरायझेशन म्हणतात तेच, आणि मग कालच्या आणि आजच्या कॉलमची तुलना करण्यात अर्थ उरत नाही. ठेवताना ओले, थंड जागेत आणि ०.०२ टक्के सोडियम अझाइड घालून ठेवा, कारण सेल्युलोज हे सूक्ष्मजीवांचे अन्न आहे. अझाइड विषारी असते. त्यात आम्ल पडू देऊ नका, आणि प्रथिन लावण्याआधी ते पूर्ण धुऊन काढा, विशेषतः जोडलेले एन्झाइम पेरॉक्सिडेज असेल तर.